पांढऱ्या लंबगोलातील दिवस

चित्रपट पाहून डोळे पुसण्याचे आमचे वय आता उलटले आहे, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. गेल्या पावसाळ्यात ती खोटी ठरली. बाहेर पाऊस कोसळत होता, वाडीतली केळीची पाने फाटून लोंबत होती आणि घरात कोंडून पडलेल्या आम्हाला विरंगुळा म्हणून नातीने आपल्या संगणकावर एक जुना जपानी चित्रपट लावून दिला होता. नाव आम्हीच सांगितले होते. दीड तासाने ती चहा घेऊन आली, तेव्हा पडदा केव्हाच काळा झाला होता आणि आम्ही भिंतीकडे पाहत बसलो होतो. "आजोबा, काय झालं?" तिने विचारले. ओलाव्याने डोळे चुरचुरतात, असे काहीतरी आम्ही तिला सांगितले. पोर शहाणी, तिने पुढे विचारले नाही.

चित्रपटाचे नाव 'नोगिकु नो गोतोकी किमि नारिकी'. दिग्दर्शक केइसुके किनोशिता, साल १९५५. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' आला तेच हे साल. नावाचा अर्थ, 'तू रानशेवंतीसारखी होतीस'. जपानीतील शेवटचा शब्द 'नारिकी' हा बोलीतला नव्हे. तो जुन्या ग्रांथिक भाषेतला भूतकाळ आहे, आणि बोलणाऱ्याने जे स्वतः अनुभवले, त्याच्या आठवणीसाठी तो योजला जातो, असे जाणकार सांगतात. ऐकीव गोष्टीला तो चालत नाही. एवढ्या एका प्रत्ययात साऱ्या चित्रपटाचा सूर आहे.

आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला तो १९७९ साली, मुंबईत. फिल्म सोसायट्यांच्या चळवळीचा तो बहराचा काळ. लोखंडी खुर्च्या, मागे खरखरणारे प्रक्षेपणयंत्र, रीळ बदलताना लागणारे दिवे आणि त्या उजेडात एकमेकांची नजर चुकवणारी माणसे! आमचे वय अठ्ठावीस होते. मनात एक ताजा सल होता. तो येथे सांगण्याजोगा नाही. त्या रात्री चर्चगेटहून विरारची गाडी पकडली आणि वसईपर्यंत दारात उभे राहून आलो. आपणच त्या कथेतले मासाओ आहोत, आपल्यावरच जगाने अन्याय केला आहे, अशी आमची खात्री झाली होती. तरुणपणी अशी खात्री व्हायला फारसा पुरावा लागत नाही.

कथा साधी आहे. सत्तरी ओलांडलेला एक वृद्ध, नदीतून होडीने आपल्या जन्मगावी परततो आहे. नावाड्याशी चार शब्द बोलता बोलता तो साठ वर्षे मागे जातो. मेइजी काळातील एक खेडे, त्यातले एक सुखवस्तू शेतकरी घर. मासाओ पंधरा वर्षांचा. आजारी आईच्या शुश्रूषेला आणि घरकामाला आईचीच भाची तामिको येऊन राहिलेली. ती सतरा वर्षांची. दोघे लहानपणापासून एकमेकांबरोबर वाढलेली. ती झाडलोट करायला येते आणि त्याच्या खोलीच्या दाराशी रेंगाळते, तो अभ्यास सोडून तिच्याशी बोलत बसतो. त्यांच्या मनात पाप तर नाहीच, पण आपल्या मनात काय आहे याचाही त्यांना पत्ता नाही. तो पत्ता त्यांना इतरांच्या कुजबुजीतून लागतो. घरातली थोरली भावजय टोमणे मारते, गडीमाणसे हसतात, गाव बोलते. मुलगी दोन वर्षांनी मोठी, हा तिचा मुख्य अपराध. आपल्याकडे कित्येक समाजांत मामाची मुलगी सून म्हणून हक्काने आणतात; पण तेथेही नवरी वडील निघाली की कपाळाला आठ्या पडतातच.

एके दिवशी आईच त्या दोघांना डोंगराकडच्या शेतात कापूस वेचायला पाठवते. लोकांनी पाहू नये म्हणून ती दोघे घरातून वेगवेगळी निघतात आणि पुढे वाटेत भेटतात. वाटेवर रानशेवंती फुललेली असते. तिला ते फूल फार आवडते. मागच्या जन्मी आपण रानशेवंतीच असू, असे ती म्हणते. तू रानशेवंतीसारखीच आहेस, असे तो म्हणून जातो आणि मग दोघेही गप्प होतात. पुढे त्याला 'रिंदो' नावाचे निळसर जांभळे रानफूल सापडते. त्याच्या हातात ते पाहून ती म्हणते, हे फूल मला आजपासून आवडू लागले, आणि तू या रिंदोसारखा आहेस. प्रेमाची कबुली म्हणून या सबंध कथेत जे काही आहे ते एवढेच. हात हातात घेणेसुद्धा नाही.

त्या दिवशी परतायला उशीर होतो आणि सारे फिसकटते. मासाओची शाळेला रवानगी ठरल्या दिवसाच्या आधीच होते. नदीच्या धक्क्यावर दोघांची ताटातूट होते. सोबत माणसे आहेत म्हणून एक शब्दही बोलता येत नाही. त्यानंतर तामिकोला तिच्या माहेरी धाडले जाते, एका चांगल्या स्थळाचे मागणे येते, ती नाही म्हणते. मग मासाओची आईच तिला सांगते की काही झाले तरी तुला मासाओशी लग्न करू देणार नाही. तेव्हा मात्र ती होकार देते. लग्न होते, दिवस जातात, गर्भपात होतो आणि त्या दुखण्यातच ती जाते. तिच्या मिटलेल्या मुठीत मासाओचे पत्र आणि सुकलेले रिंदोचे फूल सापडते.

मूळ कथा इतो साचिओ यांची. 'नोगिकु नो हाका', म्हणजे 'रानशेवंतीची समाधी'. हे गृहस्थ १८६४ साली चिबा प्रांतात एका शेतकरी घरात जन्मले आणि टोकियोत गाई पाळून दुधाचा धंदा करीत. मासाओका शिकी या कवीचे शिष्यत्व त्यांनी पत्करले आणि एकतीस अक्षरांच्या 'तांका' या प्राचीन काव्यप्रकारात नाव मिळवले. एक्केचाळिशी उलटल्यावर त्यांनी ही पहिली कथा लिहिली. ती जानेवारी १९०६ मध्ये 'होतोतोगिसु' मासिकात आली. नात्सुमे सोसेकी यांची 'मी मांजर आहे' ही विनोदी कादंबरी त्याच मासिकातून त्या सुमारास क्रमशः येत होती. अशा चिकित्सक, उपरोधी लेखकानेही साचिओंना पत्र लिहून कथेची मनमोकळी वाखाणणी केली. पहाटे गाईंचे दूध काढणाऱ्या माणसाला ही कथा लिहावीशी वाटली, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

कथेतली नदी एदोगावा. टोकियो आणि चिबा यांच्या सीमेवरून वाहणारी. यागिरी येथील उतारू होडी या कथेमुळे साऱ्या जपानला ठाऊक झाली. किनोशितांनी मात्र आपला कॅमेरा नागानो प्रांताच्या डोंगराळ मुलखात नेला, कारण त्यांना हवे होते ते जुने खेडे तिथे सापडण्याजोगे होते. वृद्ध मासाओचे काम चिशू र्यू यांनी केले आहे. ओझूंच्या 'टोकियो स्टोरी'तील पिता ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा माणूस नुसता बसलेला असला तरी किती सांगून जातो ते सांगायला नको. गंमत अशी की पुढे १९६९ पासून 'तोरा-सान' चित्रपटमालिकेत हेच र्यू शिबामाता गावच्या मंदिरातले धर्मगुरू झाले, आणि ते शिबामाता यागिरीच्या समोरच, त्याच नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे. आईच्या भूमिकेत हारुको सुगिमुरा, आणि त्या दोन मुलांच्या भूमिकांत नोरिको आरिता व शिंजी तानाका हे दोन नवखे चेहरे. नवखे होते हेच बरे. कसलेल्या नटांना एवढे अवघडलेपण साधले नसते.

आता त्या लंबगोलाविषयी. वृद्ध मासाओचे दृश्य साधे, पडदाभर आहे; पण आठवण सुरू झाली की पडद्याचे चारही कोपरे पांढरे होतात आणि सारे दृश्य मधल्या एका लंबवर्तुळात येते, कडा धूसर असलेल्या. जुन्या काळी फोटो स्टुडिओत अशा तसबिरी करून देत. चित्रपटाचा बहुतेक भाग आपण या लंबगोलातून पाहतो. आरंभी ते खटकते. एवढा मोठा पडदा वाया का घालवावा, असे वाटते. थोड्या वेळाने त्याचे भानही राहत नाही. मग एखाद्या क्षणी वृद्ध मासाओ पुन्हा दिसतो, चारही कोपऱ्यांत झाडे आणि आभाळ भरते, आणि त्या भरलेल्या पडद्यावर तो माणूस कमालीचा एकटा वाटतो. अधूनमधून त्याच्या मनातले तांकाही येतात. काहींना हे सारे अतिभावुक वाटेल. दिग्दर्शकाचे बंधू चुजी किनोशिता यांचे संगीतही हात राखून वाजत नाही. ते खरेच आहे. किनोशितांना अश्रूंचे भय नव्हते, आणि जिथे रडायचे तिथे त्यांनी प्रेक्षकाला रडू दिले. आमची त्याबद्दल तक्रार नाही.

आमच्या ओटीवरही तशीच एक लंबगोल तसबीर आहे. आजोबा खुर्चीत, आजी शेजारी उभी, थोरली काकू, आई, आणि पुढे खाली बसलेली आमची ताई. वेणीत अबोलीचा गजरा. तिच्या मांडीला टेकून आम्ही. रोज जाता-येता दिसणारी वस्तू आपण पाहत नसतो. त्या पावसाच्या संध्याकाळी आम्ही भिंतीकडे पाहत बसलो होतो असे वर लिहिले, ती हीच भिंत.

पहिल्या खेपेला आम्ही मासाओसाठी रडलो होतो. या खेपेला आमची नजर सारखी त्या भावजयीवर जात होती. तिचे नाव सादा. ती काही राक्षसीण नव्हे. तिला घरचे काम आहे, तिच्या मनात थोडा मत्सर आहे, थोडी करमणुकीची भूक आहे. ती फक्त बोलते. जे दिसले ते, त्यात चिमूटभर मीठ घालून, योग्य त्या कानापर्यंत पोचवते. पुढचे सारे थोरामोठ्यांनी केलेले आहे, विचार करून, मुलांच्या हिताचे म्हणून.

१९६२ साली आम्ही अकरा वर्षांचे होतो, ताई अठराची. पलीकडच्या आळीतला एक मुलगा मुंबईला गोदीत कामाला होता. दोन्ही घरे एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी, पण लग्नाच्या वेळी जात वेगळी. त्या काळच्या वसईत याचा अर्थ काय होता, हे आमच्या वयाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. त्याची पत्रे त्याच्या धाकट्या बहिणीकडे येत, ती शाळेत आमच्याकडे देई आणि आम्ही ती विहिरीवर ताईला नेऊन देत असू. मोबदला, पेपरमिंटच्या चार गोळ्या. हा टपालाचा धंदा पाच-सहा महिने बिनबोभाट चालला.

मग एकदा शाळा बुडवून आम्ही बावखलात पोहायला गेलो आणि ताईने ते आईला सांगितले. आईने केळीच्या सोपटाने झोडपले. दुसऱ्याच दिवशी पत्र आले. ते आम्ही विहिरीवर नेले नाही. थोरल्या काकूच्या हातात ठेवले. काकूने ते आजोबांना दिले. घरात आरडाओरडा झाला नाही. त्या रात्री जेवताना कोणी बोलले नाही एवढेच. ईस्टरनंतर ताईचे लग्न झाले, उत्तरेकडच्या एका गावात, आमच्यातल्याच एका पानमळेवाल्या घरात. ताई मेली नाही, हे आम्ही आग्रहाने सांगतो. मेहुणे सज्जन होते. चार मुले झाली, नातवंडे झाली. तो मुलगाही पुढे संसाराला लागला. बऱ्याच वर्षांनी वसईच्या फलाटावर एकदा आम्हाला भेटला; गर्दीत हात धरून म्हणाला, "ताई बरी आहे ना?" आम्ही बरी आहे म्हणालो. त्याची गाडी आली. आता तोही नाही.

चित्रपटात तामिकोची म्हातारी आजी आहे. लग्नाला नकार देणाऱ्या मुलीला सारे घर बोल लावत असते, तेव्हा ती एकटी मध्ये पडते. इतक्या वर्षांच्या आयुष्यात मला खरा आनंद कशाने झाला असेल तर तुमच्या आजोबांशी माझे लग्न झाले त्याने. बाकीचे सारे असते नसते तरी चालले असते, अशा अर्थाचे काही ती सांगते. ऐकणारे ऐकतात आणि आपले काम पुढे चालवतात. आमच्या घरातही आजी होती. ती त्या रात्री काय बोलली, ते आम्हाला आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला. बहुधा काहीच बोलली नसावी.

मासाओची आई शेवटी ऊर बडवून रडते, मीच पोरीचा जीव घेतला म्हणते. तिला ते म्हणता आले. १९७९ साली विरारच्या गाडीत मासाओ होऊन उभे राहिलेल्या आम्हाला ताईची आठवणही झाली नव्हती, ही गोष्ट आता अधिक बोचते.

पाऊस सरल्यावर आम्ही ताईकडे गेलो. नातीने चित्रपट घेऊन दिला होता. ताईचे वय आता ऐंशीच्या पुढे. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, दिसते बरे. खालची इंग्रजी अक्षरे तिला वाचता येत नाहीत, म्हणून आम्ही शेजारी बसून आपल्या बोलीत सांगत गेलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू गप्प बस, मला कळतं." आम्ही गप्प बसलो. कापसाच्या शेताच्या प्रसंगी ती किंचित हसली. भावजय दिसली की पदर सारखा करी. नवरीला सजवतात त्या ठिकाणी तिने पडद्यावरची नजर काढून बाहेर अंगणात पाहिले, आणि ते दृश्य संपेपर्यंत तिकडेच पाहत राहिली.

चित्रपट संपला. वृद्ध मासाओ समाधीपाशी जाऊन परततो, एवढाच शेवट आहे. बोलायचे ते आता बोलावे म्हणून आम्ही घसा साफ केला. "ताई, ते पत्र..." एवढेच शब्द बाहेर पडले.

"काकूने त्याच रात्री सांगितलं होतं मला," ताई म्हणाली. "कुणी दिलं ते."

आम्ही हिशेब केला नाही, पण तो आपोआपच झाला. साठ वर्षांहून अधिक. या साऱ्या काळात दर हिवाळ्यात तिच्याकडून आमच्याकडे केळीच्या पानात बांधलेल्या सुकेळ्यांची पुडी येत होती. आमच्या लग्नात तिने करवलीचा मान घेतला होता. आमच्या सौभाग्यवतींच्या बाळंतपणाला महिनाभर ती आमच्या घरी राहिली होती.

"तू अकरा वर्षांचा होतास," ती पुढे म्हणाली, आणि थोडे थांबून, "पण राग आला होता. पुष्कळ दिवस होता."

किती दिवस, ते विचारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. भिंतीवरचे घड्याळ वाजले. मग तिनेच विचारले, "त्या पोरीच्या हातात काय होतं रे शेवटी? मला नीट दिसलं नाही."

"त्याचं पत्र होतं. आणि ते निळं फूल."

"वाचलेलं होतं का पत्र?"

"वाचलेलं होतं."

"बरं झालं," ताई म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. दव पडायची वेळ झाली होती. अंगणातल्या मांडवावरची सुकेळी आत घ्यायची होती. आम्ही दुसऱ्या बाजूने सूप धरले.